‘कॉन्ट्रा’चा पुढचा भाग : वसई-विरारमधील एका प्रतीक्षेचा इतिहास

१/१८
नालासोपाऱ्यात राहणाऱ्या माझ्या मावसभावाकडे एक पिवळी कॅसेट होती. तिच्यावर ‘९९९९९९ इन १’ असे छापलेले होते. कॅसेटच्या तोंडात फुंकर मारून ती टीव्ही गेमला लावली की पडद्यावर खेळांची लांबलचक यादी उमटे आणि त्या यादीत ‘कॉन्ट्रा’ हे नाव पुन:पुन्हा येई. दादाच्या मते ते ‘कॉन्ट्रा’चे वेगवेगळे भाग होते. त्यांतला नेमका पुढचा भाग कोणता, हे शोधण्यात त्याच्या दोन उन्हाळी सुट्ट्या गेल्या. आजचा धागा त्या शोधाविषयी आहे.

२/१८
मित्रहो, या मालिकेत आपण आजवर वसईचा किल्ला, १७३९ ची मोहीम, १८०२ चा तह अशा विषयांवर बोललो. तेव्हा व्हिडिओ गेम हा इतिहासाचा विषय कसा, असे कुणी विचारील. माझे उत्तर साधे आहे. एखाद्या समाजाला काय मिळाले याच्या नोंदी दप्तरांत सापडतात. त्याने कशाची वाट पाहिली याच्या नोंदी बहुधा कुणी ठेवत नाही. विज्ञानकथेवर आधारलेल्या खेळांच्या पुढच्या भागासाठी आपल्या भागातील मुले गेली तीस वर्षे वाट पाहत आली आहेत. त्या प्रतीक्षेचे स्वरूप तीनदा बदलले, आणि प्रत्येक बदलामागे व्यापार, कायदा व तंत्रज्ञान यांची ठोस कारणे आहेत.

३/१८
प्रथम मूळ वस्तू पाहू. ‘कॉन्ट्रा’ हा जपानच्या कोनामी कंपनीचा खेळ १९८७ साली पार्लरमधील यंत्रावर आला आणि १९८८ साली घरगुती यंत्रावर. जपानी कथानकानुसार काळ आहे इसवी सन २६३३. न्यूझीलंडजवळच्या गालुगा द्वीपसमूहात ‘रेड फाल्कन’ नावाच्या शत्रूने तळ ठोकला आहे आणि बिल रायझर व लान्स बीन हे दोन सैनिक तिथे उतरतात. म्हणजे हा सरळ सरळ विज्ञानकथेचा खेळ. तरीही नव्वदच्या दशकात तो खेळलेल्या दहाजणांना विचारा. बहुतेक जण ‘जंगलातली लढाई’ एवढेच सांगतील. असे का व्हावे?

४/१८
कारण आपल्यापर्यंत खेळ पोहोचला, कथा पोहोचली नाही. जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना ‘पाठभेद’ ही संज्ञा परिचित असते; ‘कॉन्ट्रा’लाही पाठभेद आहेत. जपानी घरगुती आवृत्तीत टप्प्यांच्या मध्ये नकाशा आणि कथादृश्ये होती; अमेरिकी आवृत्तीतून ती गळली. अमेरिकी पुस्तिकेने कथानक भविष्यकाळातून वर्तमानात आणि द्वीपसमूहातून दक्षिण अमेरिकेच्या अरण्यात आणले. युरोपात तोच खेळ ‘प्रोबोटेक्टर’ या नावाने आला आणि त्यात माणसांच्या जागी यंत्रमानव आले. आपल्याकडच्या नकली कॅसेटसोबत पुस्तिकाच नसे. म्हणून जंगल, तळ, धबधबा, बर्फाळ मैदान असे टप्पे ओलांडत खेळणारा आठव्या टप्प्यावर पोहोचे, समोर परग्रहवासी जिवाचे धडधडणारे हृदय पाही आणि चकित होई.

५/१८
पुस्तिका का नव्हती? कारण अधिकृत व्यापारच जवळजवळ नव्हता. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनी यंत्रसामग्री आणि कच्चा माल यांच्या आयातीची दारे बरीच उघडली. ग्राहकोपयोगी वस्तूंवरील परिमाणात्मक निर्बंध मात्र मोठ्या प्रमाणावर कायम राहिले. त्याविरुद्ध अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. १९९९ साली निकाल भारताच्या विरोधात गेला आणि १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरील निर्बंध उठले. आपल्या बालपणाच्या आठवणींत जिनिव्हातील एका खटल्याचा असा हात आहे. मधल्या दशकात घरोघरी जे आले ते निन्टेंडोच्या १९८३ सालच्या ‘फॅमिकॉम’ यंत्राच्या स्वस्त नकला, आणि त्यांच्यासोबत नकली कॅसेट.

६/१८
या वस्तूंचा आपल्याकडचा मार्ग रेल्वेचा होता. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर ही तेव्हा निरनिराळी गावे होती. त्यांची एकत्र महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी झाली. मुंबईत नोकरी आणि इकडे घर, अशी हजारो कुटुंबांची दिनचर्या होती. मनीष मार्केट किंवा लॅमिंग्टन रोडवरून घेतलेले यंत्र कुणाचे तरी बाबा विरार लोकलच्या गर्दीत छातीशी धरून घरी आणत. ज्यांना ते परवडत नसे ते दिवसाच्या भाड्याने आणत, आणि मग त्या एका दिवसात झोप कुणालाच नसे. वस्तू अशी हातोहात आली. मात्र ती कुणी बनवली, तिचा पुढचा भाग निघाला का, निघाला तर कधी, ही माहिती सोबत आली नाही.

७/१८
त्याच काळात बाहेर काय घडत होते ते पाहा. १९८८ : पार्लरमध्ये ‘सुपर कॉन्ट्रा’. १९९० : त्याची घरगुती आवृत्ती. १९९२ : ‘कॉन्ट्रा ३ : द एलियन वॉर्स’. १९९४ : ‘हार्ड कोअर’. तिसरा भाग सुपर निन्टेंडोवर आला आणि ‘हार्ड कोअर’ सेगाच्या यंत्रावर. ही दोन्ही यंत्रे सोळा बिटांची, अधिक महाग. आपल्या मध्यमवर्गीय घरांत ती क्वचितच दिसली. आठ बिटांच्या नकली यंत्राला नव्या भागाची कॅसेट लागणेच शक्य नव्हते. मालिका पुढे गेली, यंत्र मागे राहिले. दादा १९९६ साली ज्या ‘पुढच्या भागा’ची वाट पाहत होता तो चार वर्षांपूर्वीच येऊन गेला होता, आणि हे सांगणारे त्याला कुणी नव्हते.

८/१८
ही पोकळी नकली कॅसेट बनवणाऱ्यांनी भरली. ‘९९९९९९ इन १’ ही संख्या खोटी होती. आत मोजकेच खेळ असत. यादी लांबवण्यासाठी एकच खेळ अनेक नावांनी दाखवीत. कुठे सुरुवात तिसऱ्या टप्प्यापासून, कुठे तीनऐवजी तीस जीव, कुठे पहिल्यापासूनच हातात जादा ताकदीची बंदूक. दादाने ज्यांना भाग मानले ते असे एकाच भागाचे तुकडे होते. परदेशांतील नकलाकार याच्याही पुढे गेले. ‘सुपर कॉन्ट्रा ७’ नावाचा एक अनधिकृत खेळ खरोखर निघाला होता. कोनामीने त्या नावाचा खेळ कधी काढलेला नाही. जिथे मागणी असते आणि अधिकृत पुरवठा नसतो, तिथे पुढचा भाग कुणीतरी तयार करतोच.

९/१८
रेल्वे स्थानकांभोवतीच्या गेम पार्लरांत हीच गोष्ट दुसऱ्या नावाने चालू होती. आपण ज्याला ‘मुस्तफा’ म्हणतो तो खेळ म्हणजे कॅपकॉम कंपनीचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या चित्रकथेवर तो आधारलेला आहे. सर्वनाशानंतरच्या, सव्विसाव्या शतकातील पृथ्वीवर माणसे आणि डायनोसॉर एकत्र राहतात, ही त्यातली कल्पना. पिवळी टोपी घातलेल्या एका पात्राचे नाव मुस्तफा कैरो. आपल्याकडे त्याच्या नावाने सारा खेळच ओळखला गेला. त्याच कथाविश्वावर १९९४ साली ‘द सेकंड कॅटॅक्लिझम’ नावाचा खेळ आला, पण तो दुसऱ्या कंपनीचा, ‘सेगा सीडी’साठीचा आणि मोटार हाकत गोळ्या झाडण्याचा. पार्लरमधल्या ‘मुस्तफा’चा दुसरा भाग कधीच निघाला नाही. ‘बोरिवलीत आलाय’, ‘दादरला कुणीतरी पाहिलाय’ या बातम्या मात्र नियमित येत.

१०/१८
इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पुढच्या भागाची वाट पाहणे मराठी माणसाला नवे नव्हते. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षांत कोण घेतो!’ त्यातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. पुढे बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांच्या कथांसाठी वाचनालयांत रांगा लागत. पण या वाचकाला प्रकाशक आपल्याच भाषेत, आपल्याच परिसरात सापडे. अंक उशिरा आला तर तो पत्र लिहू शके, वाचनालयात चौकशी करू शके. पिवळ्या कॅसेटवर पत्ता नव्हता. वाट पाहण्याची सवय होती. ज्याची वाट पाहायची त्याचे वेळापत्रक कुणाकडेही नव्हते. प्रतीक्षेचा पहिला कालखंड तो हा.

११/१८
तरीही माहितीचा एक धागा पोहोचला, आणि तो विलक्षण आहे. वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, मग बी आणि ए. या क्रमाने बटणे दाबली की ‘कॉन्ट्रा’मध्ये तीस जीव मिळतात. कोनामीचे काझुहिसा हाशिमोतो यांनी हा संकेत प्रथम ‘ग्रेडियस’ या खेळाच्या १९८६ च्या घरगुती आवृत्तीत ठेवला होता. हाशिमोतो २०२० साली वारले. विरार-नालासोपाऱ्यातील मुलांना ना त्यांचे नाव ठाऊक होते, ना ‘ग्रेडियस’चे, पण संकेत तोंडपाठ होता. छापील पुस्तिका जिथे पोहोचत नाही तिथे उपयोगाची गोष्ट तोंडोतोंडी जाते आणि अचूक जाते, कारण चुकली तर लगेच कळते. अफवेला अशी कसोटी नसते. म्हणून संकेत शुद्ध राहिला आणि ‘मुस्तफा २’ दर आठवड्याला नव्या स्टेशनावर दिसला.

१२/१८
दुसरा कालखंड सायबर कॅफेंचा. २००० नंतर कॅफेतील संगणक एकमेकांना जोडून ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळले जाऊ लागले. तो खेळ ‘हाफ-लाइफ’ या १९९८ च्या विज्ञानकथा-खेळावर बेतलेला, आणि तो चाहत्यांनी रचला होता, हे फार थोड्यांना माहीत होते. १६ नोव्हेंबर २००४ रोजी ‘हाफ-लाइफ २’ आला तेव्हा आपल्याला तारीख पहिल्यांदाच जगासोबत कळली, कारण इंटरनेट होते. पण खेळता येईना. तो सुरू करण्यासाठी ‘स्टीम’ या सेवेवर ऑनलाइन नोंदणी बंधनकारक होती, आणि घरी असलाच तर टेलिफोनच्या तारेवरून येणारा, मिनिटागणिक पैसे खाणारा जोड. पूर्वी वस्तू होती, बातमी नव्हती. आता बातमी होती, वस्तू हाती लागत नव्हती.

१३/१८
या मालिकेनेच जगाला वाट पाहण्याचा सर्वांत मोठा धडा दिला. व्हॉल्व्ह कंपनीने पुढील कथा तीन छोट्या भागांत सांगण्याचे जाहीर केले. पहिला भाग १ जून २००६ रोजी आला, दुसरा १० ऑक्टोबर २००७ रोजी. दुसरा ऐन उत्कंठेच्या क्षणी संपला, आणि तिसरा कधीच आला नाही. २०१७ साली मूळ लेखक मार्क लेडलॉ यांनी पात्रांची नावे बदलून एक कथासार प्रसिद्ध केले. २०२० साली ‘हाफ-लाइफ : अ‍ॅलिक्स’ आला, तो आभासी वास्तवाच्या उपकरणावर खेळायचा आणि त्याची कथा मुख्यत्वे ‘हाफ-लाइफ २’च्या आधीची. दरम्यानच्या वर्षांत चाहत्यांनी प्रत्येक मुलाखतीतून, प्रत्येक अंकातून तिसऱ्या भागाच्या खुणा काढल्या. ‘हाफ-लाइफ ३’ हे तीन शब्द हास्याचा विषय झाले.

१४/१८
मग नोव्हेंबर २०२४ मध्ये, ‘हाफ-लाइफ २’ला वीस वर्षे झाल्यानिमित्त, व्हॉल्व्हने एक माहितीपट काढला. त्यात निर्मात्यांनी तिसऱ्या भागाचे अपुरे काम दाखवले आणि तो का थांबला ते सांगितले : मंडळी दुसऱ्या खेळाच्या कामाला लागली, वेळ गेला, आणि केवळ कथा पुरी करायची म्हणून खेळ काढावा असे नवे काही हाती राहिले नाही. डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जाऊन पडतात जिथे पानिपतचा निकाल उलटा लागला आहे. आणि ते काय करतात, तर ग्रंथालयात बसून नेमके वळण शोधतात. माहितीपट पाहताना मला तेच आठवले. सतरा वर्षांचे तर्क एकीकडे आणि उशिराची साक्ष दुसरीकडे. एकही तर्क पुरावा नव्हता. पण ते तर्क लोकांनी केले, हा स्वतः एक पुरावा आहे. आणि सावध राहा : उशिराची साक्षही शेवटी कंपनीने स्वतःविषयी दिलेली साक्ष आहे. बखरीला लावतो तीच कसोटी इथेही लावायला हवी.

१५/१८
तिसरा कालखंड आपला. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीमवर रुपयांत किमती आल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. आता विरारमधील मुलाला नवा भाग टोकियोतील मुलाबरोबरच मिळतो. अंतर मिटले, तशी प्रतीक्षाच विक्रीची वस्तू झाली. झलक, झलकेची झलक, आगाऊ नोंदणी. ‘सायबरपंक २०७७’ची घोषणा २०१२ ची, १० डिसेंबर २०२० रोजी तो आला तेव्हा ८० लाख प्रती आगाऊ विकल्या गेल्या होत्या. खेळ इतका सदोष निघाला की आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला. परतायला पुढच्या वर्षीचा जून उजाडला. याच्या उलट ‘मेट्रॉइड प्राइम ४’ : घोषणा जून २०१७, जानेवारी २०१९ मध्ये ‘केलेले काम पुरेसे चांगले नाही, पुन्हा आरंभापासून करतो’ अशी जाहीर कबुली, आणि प्रत्यक्ष खेळ डिसेंबर २०२५ मध्ये. चाहत्यांच्या संयमाची किंमत दोघांनी वेगवेगळी केली.

१६/१८
याच काळात एक गोष्ट प्रथमच घडली. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने २०२२ साली ‘इंडस’ हा विज्ञानकथेचा खेळ जाहीर केला. सिंधू संस्कृतीचा वारसा पुढे चालू राहिला असता तर भविष्य कसे दिसले असते, या कल्पनेवर त्याचे जग उभे आहे. कंपनीच्या सांगण्यानुसार आगाऊ नोंदणी १ कोटीच्या पुढे गेली आणि १६ ऑक्टोबर २०२४ रोजी तो सर्वांसाठी खुला झाला. हा कुठल्या मालिकेचा पुढचा भाग नाही, पहिलाच आहे. खेळ म्हणून तो कसा आहे यावर मतभेद आहेत, आणि ते असावेत. मला महत्त्वाचे वाटते ते इतके की ज्यांची वाट पाहायची ते निर्माते आता पुण्यात बसतात, प्रकाशनापूर्वी चाचणीला खेळाडू बोलावतात आणि तक्रार ऐकून घेतात. ‘करमणूक’च्या वाचकाला जी जवळीक होती, ती सव्वाशे वर्षांनी वेगळ्या रूपात परत आली आहे.

१७/१८
आता ‘कॉन्ट्रा’कडे परतू. मालिकेचे पुढचे दिवस बरे नव्हते. २०१९ च्या ‘रोग कोअर’ने जुने चाहते फारच निराश झाले. मग १२ मार्च २०२४ रोजी ‘कॉन्ट्रा : ऑपरेशन गालुगा’ आला. तेच बेट, तेच दोन सैनिक, तीच डावीकडून उजवीकडची धाव, आणि या वेळी सबंध कथा. तो मी संगणकावर घेतला आणि दादाला बोलावले. दादा आता चाळिशीचा आहे, रोज ७ वाजून काही मिनिटांची लोकल पकडतो. पहिल्या धबधब्यापर्यंत आम्ही तीनदा मेलो. इसवी सन २६३३, गालुगा, रेड फाल्कन हे सगळे त्याने पहिल्यांदाच वाचले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘म्हणजे ही पृथ्वीवरचीच गोष्ट होती तर. आणि हा कितवा भाग म्हणायचा?’ मी कोनामीच्या यादीप्रमाणे मोजायला लागलो. त्याने थांबवले. त्याच्या हिशेबात पिवळ्या कॅसेटवरचे सगळे भाग धरायचे होते. मी ते धरले. ते त्याने खेळले होते, मनापासून खेळले होते. कोनामीच्या यादीत नाहीत म्हणून त्याच्या बालपणातून ते वजा कसे होतील?

१८/१८
पण ती कॅसेट आज नाही. घर बदलताना यंत्रासकट भंगारात गेली. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली दाखवून दिले की तिथे २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत. हा हिशेब अधिकृत खेळांचा. आपल्या नकली कॅसेटची, भाड्याच्या यंत्रांची, स्थानकाबाहेरच्या पार्लरांची तर यादीच कधी झाली नाही.

एक वाट कागदपत्रांची आहे. पार्लरांतील व्हिडिओ गेमवर १९२३ च्या मुंबई करमणूक शुल्क कायद्याखाली कर लागे आणि तो जिल्हाधिकारी कार्यालय वसूल करी. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधीचा शोध ठाण्याच्या दप्तरात घ्यावा लागेल. माझा अर्ज तयार आहे.

दुसरी वाट तुमच्या हाती आहे. घरातल्या चाळिशीच्या माणसाजवळ बसा आणि पाच गोष्टी विचारून लिहून ठेवा : यंत्र कुठून आले, कितीला आले, कॅसेटवर काय छापले होते, पार्लर नेमके कुठे होते, आणि कोणत्या पुढच्या भागाची वाट पाहिली. शेवटचा प्रश्न विसरू नका. पहिल्या चारांची उत्तरे कदाचित एखाद्या पावतीवर सापडतील. पाचव्याचे उत्तर फक्त त्या माणसाकडे आहे.

माळ्यावर पिवळी कॅसेट सापडली तर फेकू नका. कोरड्या जागी ठेवा, पुढून-मागून छायाचित्र काढा आणि या धाग्याखाली जोडा. पुढचा धागा तुमच्या उत्तरांवर लिहीन. तारीख मात्र जाहीर करत नाही. कारण वर सांगितलेच आहे.